अळीचें नांव आणि पाखराचें नांव

पतंगाचा प्रवेश आपल्या काव्यांत फार जुना आहे. पण तेथें त्याला काम एकच. दिवा लागला कीं त्यावर झेंप घालावी आणि जळून मरावें, एवढ्याकरितांच कवीनें त्याला जन्मास घातलें आहे. उत्कट प्रेमाचा, अविवेकाचा किंवा क्षणभंगुरतेचा दृष्टांत हवा असला म्हणजे तो हजर होतो, आणि दृष्टांत संपला म्हणजे नाहींसा होतो. दिव्यापाशीं येण्यापूर्वीं त्याचे दिवस कोठें व कसे गेले, ही विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. उलटपक्षीं शेतकऱ्याला पतंगाच्या पूर्वायुष्याची ओळख हवी त्याहून अधिक आहे. मात्र तो पतंग म्हणून त्याला ठाऊक नसतो. हरभऱ्यावरची घाटेअळी, कपाशीवरची बोंडअळी, एका रात्रींत शेत साफ करणारी लष्करी अळी, हीं सर्व नांवें त्यानें आपल्या नुकसानीवरून पाडलेलीं आहेत, आणि तीं सर्व अळ्यांचीं आहेत. तिसरा राहिला शास्त्रज्ञ. त्याच्यापुढें पंख पसरून टांचणीला टोंचलेला एक मृत जीव असतो, आणि त्याखालीं एक लॅटिन नांव.

कवीचा पतंग, शेतकऱ्याची अळी आणि शास्त्रज्ञाचा नमुना हीं एकाच प्राण्याचीं तीन रूपें आहेत. परंतु ज्यांना नांवें देतां येत होतीं त्यांना बहुधा अळी दिसत नव्हती, आणि ज्यांना अळी दिसत होती त्यांचें बोलणें नांवें देणाऱ्यांपर्यंत पोंचत नव्हतें. हीं दोन टोंकें जुळविण्यास शास्त्राला दोनशें वर्षांहून अधिक काळ लागला. निरनिराळ्या देशांतील पतंग कसे शोधले गेले व त्यांचें वर्गीकरण कसें झालें, याचा इतिहास आमच्या मतें मुख्यतः या जुळणीचा इतिहास आहे. तोच येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम पतंग कशास म्हणावें तें पाहूं. फुलपाखरूं आणि पतंग हीं एकाच घराण्यांतील भावंडें होत. दोघांच्याहि पंखांवर सूक्ष्म खवल्यांची धूळ असते, आणि दोघेहि अंडें, अळी, कोश व पाखरूं या चार अवस्थांतून जातात. सामान्यतः फुलपाखरूं दिवसा उडतें व त्याच्या मिशांच्या टोंकांना गांठ असते. पतंग बहुधा रात्रींचा जीव, आणि त्याच्या मिशा दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. परंतु कीर्ति आणि संख्या यांचा येथें मेळ नाहीं. ज्यांची आपण इतकी वाखाणणी करतों त्या फुलपाखरांच्या ज्ञात जाती सुमारें १८,००० आहेत; पतंगांच्या सुमारें १,६०,०००. म्हणजे या घराण्यांतील बहुसंख्य मंडळी अंधारांतच वावरतात.

आश्चर्याची गोष्ट अशी कीं, या अभ्यासाचा एक थोर आरंभ अळीपासूनच झाला होता. मारिया सिबिला मेरियन ही जर्मनींत जन्मलेली चित्रकर्ती १६९९ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, आपल्या मुलीला बरोबर घेऊन दक्षिण अमेरिकेंतील सुरिनामच्या डच वसाहतींत गेली. त्या काळीं एका बाईनें केवळ किडे पाहण्यासाठीं समुद्र ओलांडणें हीच मोठी नवलाची गोष्ट होती. आजारपणामुळें १७०१ मध्यें तिला परतावें लागलें, आणि १७०५ सालीं तिचा सुरिनामच्या कीटकांवरील ग्रंथ ॲम्स्टरडॅम येथें निघाला. त्यांतील चित्रांची मांडणी पाहण्याजोगी आहे. एकाच पानावर झाड, त्याचें पान खाणारी अळी, तिचा कोश आणि वर उडणारें पाखरूं अशी सबंध जीवनकथा तिनें काढली. कोणती अळी कोणत्या झाडावर सांपडते, त्या झाडाचा लोक कशाकडे उपयोग करितात, ही माहिती तिला तेथील मूळच्या रहिवाशांनीं व गुलामगिरींत पडलेल्या स्त्रियांनीं दिली, आणि तसें तिनें मोकळेपणानें लिहून ठेवलें. जाणणारा आणि लिहिणारा हे दोघे त्या पानांवर क्षणभर एकत्र आले होते.

पुढें १७५८ सालीं स्वीडनच्या कार्ल लिनीयसनें आपल्या सृष्टिव्यवस्थेच्या ग्रंथाची दहावी आवृत्ति काढली, आणि प्राण्यांच्या दोन-पदी नांवांचा आरंभ आज याच ग्रंथापासून धरितात. त्यानें सर्व फुलपाखरांना एका प्रजातींत घातलें आणि पतंगांचे दोन भाग केले. लांब सोंडेच्या, विमानासारख्या वेगानें उडणाऱ्या पतंगांना त्यानें 'स्फिंक्स' म्हटलें. बाकीचे सर्व 'फॅलीना'. या दुसऱ्या अफाट समुदायाचे त्यानें पुन्हां पोटविभाग पाडले आणि नांवांच्या शेवटावरून विभाग ओळखूं यावा अशी युक्ति केली. पानें गुंडाळणाऱ्या बारीक पतंगांचीं नांवें 'आना'नें संपावीं, कसरीसारख्या चिमुकल्या पतंगांचीं 'एला'नें, असा तो संकेत. आपल्याकडील कौटुंबिक उपनांवांवरून जसें गांव कळतें, तसें या शेवटांवरून पतंगाचें कूळ कळावें, अशी ही योजना होती.

लिनीयसनें अळीला अगदींच विसरून काम केलें असें म्हणणें अन्यायाचें होईल. 'स्फिंक्स' हें नांवच मुळीं अळीवरून आलें आहे. ती डोकें वर उचलून स्तब्ध बसते तेव्हां इजिप्तमधील त्या प्रख्यात पाषाणमूर्तीची आठवण होते. रेशमाच्या किड्याला त्यानें तुतीवरून नांव दिलें आणि एका हिरव्या सुंदर पतंगाला कण्हेरीवरून. मेरियनच्या चित्रांवरूनहि त्यानें कित्येक जाती नोंदल्या. परंतु युरोपांत जें साधत होतें तें दूरदेशच्या पतंगांच्या बाबतींत साधणें कठीण होतें. तेथून येई तें केवळ वाळलेलें पाखरूं. त्याची अळी, तिचें झाड, तिचा ऋतु हें सारें मागें राही. कोठून आला या प्रश्नाला 'इंडिया' किंवा 'आशिया' एवढेंच उत्तर पुष्कळदां पुरेसें मानलें जाई.

यानंतरचीं पन्नास वर्षें जहाजांचीं आहेत. लंडनचा ड्रू ड्रुरी हा धंद्यानें चांदीचा कारागीर. परदेशीं जाणाऱ्या खलाशांना व कप्तानांना पैसे देऊन तो कीटक मागवी, आणि १७७० पासून १७८२ पर्यंत त्यानें त्यांच्या रंगीत चित्रांचे तीन भाग काढले. हॉलंडांत पीटर क्रॅमर या व्यापाऱ्यानें असाच उद्योग आरंभिला. लिनीयसचा शिष्य कोनिग हा १७६८ पासून डॅनिश लोकांच्या तरंगंबाडीच्या वसाहतींत होता; त्यानें जमविलेले कीटक लिनीयसचाच दुसरा शिष्य फॅब्रिसियस याच्या हातीं गेले, आणि हिंदुस्थानांतील कित्येक कीटकांना त्यानें नांवें दिलीं. तंबाखूचीं पानें खाणाऱ्या अळीचा पतंग 'लिटुरा' या नांवानें त्याच्याच १७७५ च्या ग्रंथांत प्रथम आला आहे. त्या नांवाची पुढें मोठी फजिती झाली. ती यथाक्रम येईलच.

केवळ पाखरूं पाहून नांव देण्यानें काय होतें याचें उदाहरण आपल्या अगदीं जवळचें आहे. विदर्भांतील भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत टसर रेशीम होतें. तिकडे त्याला कोसा म्हणतात. ऐनाच्या झाडांवर उघड्या रानांत या अळ्या वाढवाव्या लागतात. पांखरें त्यांना टिपतात, मुंग्या खातात, आणि त्यांची राखण करणाऱ्या ढिवर कुटुंबांना दिवसचे दिवस झाडांखालीं काढावे लागतात. अळी किती वेळां कात टाकते, कोणत्या पानावर कोश जड होतो, कोणत्या पावसांत रोग पडतो, हें ज्ञान तेथें पिढीजाद आहे. या पतंगाला १७७३ सालीं ड्रुरीनें 'मिलिट्टा' असें नांव दिलें. पुढें कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचा अधिकारी डॉ. रॉक्सबर्ग यानें टसराच्या किड्याचा वृत्तांत लिहिला आणि तो १८०४ सालीं लंडनच्या लिनीयन सोसायटीनें छापला. त्यांत अळी होती, झाड होतें, कोश होता. पण पतंगासाठीं त्यानें लिनीयसचें 'पेफिया' हें नांव वापरलें. तेव्हांपासून टसराचा पतंग कधीं या, कधीं त्या नांवानें ग्रंथांत वावरत राहिला. रानांत राखण करणाऱ्यांचा मात्र त्याच्याविषयीं घोंटाळा कधींच झाला नाहीं. आजचे रेशीमतज्ज्ञ टसराचे जे प्रादेशिक प्रकार मानतात त्यांत 'भंडारा' या नांवाचाहि एक प्रकार आहे. हा त्या जुन्या ज्ञानाचा उशिरानें झालेला सन्मानच म्हणावयाचा.

एकोणिसाव्या शतकांत जहाजांची जागा संग्रहालयांनीं घेतली. लंडनमधील ईस्ट इंडिया कंपनीच्या संग्रहालयाचा प्रमुख डॉ. थॉमस हॉर्सफील्ड हा पूर्वीं जावा बेटांत राहिलेला. तेथें त्यानें अळ्या पाळून त्यांचीं चित्रें काढवून घेतलीं होतीं, आणि वर्गीकरणांत अळीलाहि स्थान असावें असा त्याचा आग्रह १८२८ सालच्या त्याच्या ग्रंथांत दिसतो. त्याच्या हाताखालीं फ्रेडरिक मूर तयार झाला. हिंदुस्थान आणि सिंहलद्वीप यांतील शेंकडों पतंगांना मूरनें नांवें दिलीं आहेत. परंतु काळाचा ओघ हॉर्सफील्डच्या बाजूचा नव्हता. साम्राज्याच्या चारी कोपऱ्यांतून पेट्यामागून पेट्या येत होत्या, आणि त्या उघडून यादी करणें हेंच मुख्य काम होऊन बसलें. ब्रिटिश म्यूझियममध्यें फ्रान्सिस वॉकर यानें १८५४ पासून १८६६ पर्यंत अशा यादीचे पस्तीस भाग लिहिले. इतक्या झपाट्यांत एकाच पतंगाला दोनदां, तीनदां नवीं नांवें पडावीं यांत नवल नाहीं. नर वेगळ्या नांवाचा, मादी वेगळ्या नांवाची. आसामचा नमुना एक जाति, बोर्निओचा दुसरी. जें नांव आधीं छापलें तें खरें, हा नियम १८४२ सालीं इंग्लंडांत ठरविला गेला होता. पण नांव आधीं कोणतें हें नियमानें ठरतें. जीव एक कीं दोन हें नियमानें ठरत नाहीं.

हें काम मुंबईकडे वळलें तें १८८३ सालीं. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत आठ गृहस्थांनीं मिळून बाँबे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापिली. या आठांत प्रार्थना समाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन महाराष्ट्रीय होते, हें आमच्या वाचकांनीं अभिमानानें लक्षांत ठेवावें. तिसरे एडवर्ड एटकिन. त्यांचा जन्म सातारचा, नोकरी मीठ व जकात खात्याची, आणि लेखणी अशी कीं घरांतील मुंग्या-पालींवर लिहिलें तरी वाचकानें हंसून पुढें वाचावें. चौथे कर्नल चार्ल्स स्विनहो. त्यांचा 'मुंबई आणि दख्खन येथील' फुलपाखरें व पतंग यांवरील निबंध १८८५ सालीं लंडनला प्रसिद्ध झाला. 'इंडिया' या एका शब्दाच्या जागीं 'मुंबई' आणि 'पुणें' असे शब्द येऊं लागले, ही लहानसान प्रगति नव्हे. पतंगाला आतां देश मिळाला होता.

पुढें निलगिरीवर चहाचे मळे करणारा जॉर्ज हॅम्पसन हा पतंगांच्या नादानें लंडनच्या संग्रहालयांत जाऊन बसला, आणि १८९२ पासून १८९६ पर्यंत त्यानें हिंदुस्थानांतील पतंगांचे चार जाडजूड भाग लिहिले. त्यांत पांच हजारांवर जाती आहेत. हॅम्पसननें रंगावर विसंबणें सोडलें आणि पंखांतील शिरांच्या जाळ्यावर वर्गीकरण उभारलें. रंग उडतो, ऋतूप्रमाणें बदलतो. शिरा बदलत नाहींत. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला तरी भारतांतील पतंगांचा अभ्यास करणाराला आजहि हे चार भाग उघडल्यावांचून गत्यंतर नाहीं. तरी त्यांतील पुष्कळ जातींच्या अळीसंबंधीं एक ओळहि सांपडत नाहीं. आणखीहि एक गोष्ट सांपडत नाहीं. रात्रीं कंदील धरून उभे राहणारे, झाडावर चढून अळ्या काढणारे, पेट्या वाहणारे जे शेंकडों देशी हात या पानांमागें होते, त्यांचीं नांवें बहुधा कोठेंच नाहींत. पतंगाच्या नांवापुढें वर्णन करणाराचें नांव लागतें. पकडणाराचें लागत नाहीं.

विसाव्या शतकाच्या आरंभीं एक नवा विचार आला. लंडनजवळच्या ट्रिंग गांवीं लॉर्ड रॉथ्सचाइल्ड यांनीं प्रचंड संग्रह केला होता, आणि कार्ल जॉर्डन हा जर्मन कीटकतज्ज्ञ तेथें काम करीत होता. एका जातीचा एकच सुंदर नमुना असावा ही संग्राहकाची हौस. जॉर्डनला मात्र एकाच जातीचे पुष्कळ नमुने हवे असत, आणि प्रत्येकाखालीं गांव व तारीख लिहिलेली चिठ्ठी हवी असे. नमुना आणि चिठ्ठी यांची ताटातूट झाली म्हणजे तो नमुना मुका झाला. स्फिंक्स कुळांतील जगभरच्या पतंगांचा या दोघांनीं १९०३ सालीं जो फेरविचार प्रसिद्ध केला, त्यांत त्यांनीं जननेंद्रियांची बारीक रचना आणि भौगोलिक स्थान हीं दोन प्रमाणें मुख्य धरलीं. प्रदेश हा आतां केवळ पत्ता राहिला नाहीं. तो पुरावा झाला.

याच ग्रंथांतील एक कथा रमणीय आहे. मादागास्कर बेटावरील एका पांढऱ्या ऑर्किडच्या फुलाला जवळजवळ एक फूट लांबीची मधाची नळी असते. तितक्याच लांब सोंडेचा पतंग त्या बेटांत असलाच पाहिजे, असें डार्विननें १८६२ सालीं लिहिलें. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरील एका लांब सोंडेच्या पतंगाचें वॉकरनें १८५६ सालींच वर्णन केलें होतें. मादागास्करचा पतंग हातीं आला तेव्हां रॉथ्सचाइल्ड आणि जॉर्डन यांनीं त्याला त्या आफ्रिकी जातीचा बेटावरचा पोटभेद ठरवून 'भाकीत केलेला' अशा अर्थाचें नांव दिलें. पण तो पतंग खरोखरच त्या फुलावर येतो, हें प्रत्यक्ष पाहिलें गेलें १९९२ सालीं. आणि तो पोटभेद नसून स्वतंत्र जाति आहे, असें शास्त्रज्ञांनीं २०२१ सालीं मांडलें. भाकितापासून इथवर एकशें एकोणसाठ वर्षें गेलीं!

परंतु दूरचा म्हणजे वेगळाच, असाहि नियम बांधतां येत नाहीं. कण्हेरीवरील ज्या हिरव्या पतंगाचा उल्लेख वर केला, तो आफ्रिकेंत, भूमध्यसमुद्राच्या कांठीं आणि आपल्या पुण्या-मुंबईच्या बागांतहि एकच आहे. कण्हेर किंवा तगर ज्यांच्या अंगणांत आहे त्यांनीं त्याची बोटाएवढी जाड हिरवी अळी, तिच्या मानेजवळचे निळे डोळ्यांसारखे ठिपके, केव्हांना केव्हां पाहिलेच असतील. उलट पाठीवर कवटीचें चिन्ह असलेला, मधमाश्यांच्या पोळ्यांत शिरून मध पिणारा आणि धरल्यास चीं चीं करणारा जो पतंग, तो सर्वत्र एकच वाटला तरी त्याच्या तीन जाती आहेत. युरोप-आफ्रिकेच्या जातीला लिनीयसनें ग्रीक पुराणांतील आयुष्याचा धागा कापणाऱ्या देवतेचें नांव दिलें. आपल्याकडे दुसऱ्या दोन आहेत. एकीला फॅब्रिसियसनें त्या देवतेच्या बहिणीचें नांव दिलें, आणि तिळावर जिची अळी वाढते त्या दुसरीला ग्रीकांच्या वैतरणीचें नांव पुढें दुसऱ्याकडून मिळालें. म्हणजे अंतर भेद सिद्ध करीत नाहीं, आणि साम्य ऐक्य सिद्ध करीत नाहीं. मग निर्णय कशानें व्हावा?

या प्रश्नाचें एक उत्तर कारवारास मिळतें. टॉमस बेल हा आयरिश गृहस्थ मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यांत नोकरीस होता. उत्तर कानड्याच्या रानांत त्यानें आयुष्य घालविलें. १९२० सालीं निवृत्त झाल्यावर स्वदेशीं न जातां तो कारवारासच राहिला आणि १९४८ सालीं तेथेंच वारला. त्याची पद्धत साधी होती. अंडें किंवा अळी आणावी, जें पान ती खात होती तेंच तिला द्यावें, रोज पाहावें, रोज लिहावें, आणि कोशांतून काय निघतें याची वाट पाहावी. एकेका जातीसाठीं आठवडे लागत. अशी शेंकडों आयुष्यें त्यानें नोंदलीं. हॅम्पसनच्या चार भागांना जोडून स्फिंक्स कुळाचा पांचवा भाग १९३७ सालीं निघाला, तो बेल आणि मेजर स्कॉट या दोघांचा आहे. त्यांत पाखराच्या वर्णनाशेजारीं अळीचें वर्णन, तिचा रंग, तिची बसण्याची रीत, तिचें झाड हें सर्व आहे. मेरियननें १७०५ मध्यें जें चित्रांत साधलें होतें, तें हिंदुस्थानच्या पतंगांच्या एका कुळापुरतें तरी शब्दांत आणि वर्गीकरणाच्या शिस्तींत पुन्हां साधलें गेलें.

हें सर्व हौशी लोकांचें कौतुक झालें, त्याचें आम्हां संसारी माणसांना काय, असें कोणी म्हणेल. त्याला उत्तर शेतांत आहे. फॅब्रिसियसच्या ज्या 'लिटुरा'चा उल्लेख वर आला, तिच्याच नांवाखालीं आफ्रिका व भूमध्यसमुद्राकडील कपाशीची एक अळी दीर्घकाळ गणली जात होती. पाखरें इतकीं सारखीं कीं डोळ्यांना फरक दिसूं नये. फ्रेंच तज्ज्ञ व्हिएत यानें १९६२ सालीं जननेंद्रियांची रचना तपासून हीं दोन वेगळीं आहेत असें दाखविलें. घाटेअळीचेंहि तेंच झालें. अमेरिकेंतील मक्याची अळी आणि आपली घाटेअळी हीं एकच, असा समज पुष्कळ काळ होता. त्यांतला भेद हार्डविक यानें १९६५ सालीं सविस्तर मांडला. भेद कळला नाहीं तर काय होतें? शत्रु आधींच घरांत आहे असें समजून माणूस दार लावीत नाहीं. ब्राझीलमध्यें आपली घाटेअळी आल्याचें २०१३ सालीं उघडकीस आलें. तोंवर ती तिकडच्याच अळीच्या नांवावर खपत होती, आणि शेतांतील नुकसान मात्र चाललेंच होतें.

बोंडअळीची कथा तर आपल्या घरचीच. कपाशीच्या बोंडांत शिरून सरकी खाणारी ती गुलाबी अळी. तिच्या पतंगाचें पहिलें शास्त्रीय वर्णन भडोचकडील कपाशींतून गेलेल्या नमुन्यांवरून इंग्लंडांत सॉन्डर्स यानें १८४४ सालीं केलें. कपाशीच्या लॅटिन नांवाला लिनीयसच्या संकेताप्रमाणें 'एला' जोडून त्यानें 'गॉसिपिएला' हें नांव बनविलें. पुढें सरकींतून हीच अळी १९०६-०७ च्या सुमारास इजिप्तला पोंचली, १९११ सालीं मेक्सिकोंत आणि १९१७ सालीं टेक्ससमध्यें. जेथें गेली तेथें ती त्याच नांवानें ओळखली गेली, म्हणून तिचा मार्ग मागाहून काढतां आला. २०१७ च्या हंगामांत विदर्भ व मराठवाड्यांतील कपाशीची तिनें जी दैना केली ती कोणी विसरलेलें नाहीं. जनुक बदललेल्या बियाण्यांतील विषाला ती दाद देईनाशी झाली होती. नांव ठाऊक असणें म्हणजे उपाय सांपडणें नव्हे, हाहि धडा त्यांत आहे. पण नांवावांचून उपायाचा विचारच सुरू होत नाहीं.

याच्या पुढच्याच वर्षीं, २०१८ च्या मे महिन्यांत, कर्नाटकांतील मक्यावर एक नवी अळी दिसली आणि त्याच वर्षीं ती महाराष्ट्रांत आली. अमेरिकेंतून ती २०१६ मध्यें आफ्रिकेंत उतरली होती. तिच्या कपाळावर उलटें इंग्रजी 'वाय' अक्षर आणि शेपटीकडे चौकोनांत चार काळे ठिपके असतात. या खुणांवरून आज खेड्यापाड्यांतील शेतकरीहि ती ओळखतो. तिचें शास्त्रीय नांव १७९७ सालचें आहे. अमेरिकेंतील जॉर्जिया प्रांतांत जॉन ॲबट यानें अळ्या पाळून झाड, अळी व पतंग एकत्र काढलेल्या चित्रांचा जो ग्रंथ जेम्स स्मिथ यानें प्रसिद्ध केला, त्यांत तें प्रथम आलें. म्हणजे दोनशें एकवीस वर्षांनंतर आपल्या मक्याच्या शेतांत उपयोगी पडलेलें नांव हें अळी पाळणाऱ्या एका माणसाच्या चिकाटीचें फळ होतें.

आज या कामाला एक नवें साधन मिळालें आहे. कॅनडांतील पॉल हीबर्ट यानें २००३ सालीं असें सुचविलें कीं, प्राण्याच्या जनुकद्रव्याचा एक ठराविक लहान तुकडा वाचून जाति ओळखावी. पतंगाचा एक पाय पुरतो. पण आम्हांला यांतील खरा लाभ निराळाच वाटतो. हा तुकडा अळींतहि तोच असतो आणि पाखरांतहि तोच. ज्या दोन टोंकांना जोडण्यासाठीं बेलला आठवडेच्या आठवडे पिंजऱ्यापाशीं बसावें लागे, तीं आतां प्रयोगशाळेंत जोडतां येतात. तथापि यंत्र सांगतें तें 'हे दोन एक आहेत' किंवा 'वेगळे आहेत' एवढेंच. अळी काय खाते, केव्हां येते, तिला कोण खातें, हें अजूनहि झाडाखालीं उभें राहूनच कळतें. चिठ्ठीवर गांव व तारीख नसली तर यंत्रहि जॉर्डनच्या नमुन्यासारखें मुकें होतें.

जुनीं मोठीं नांवेंहि या शोधांतून सुटलेलीं नाहींत. लिनीयसनें नांव दिलेला 'ॲटलस' हा जगांतील अत्यंत विशाल पतंगांपैकीं एक. दक्षिण भारतांतील पतंगालाहि पुष्कळ काळ हेंच नांव चालत आलें. आतां दक्षिण भारत व श्रीलंका येथील पतंग ही वेगळी जाति मानतात, आणि तिच्यासाठीं मूरनें १८८२ सालीं सिंहलाच्या ग्रीक नांवावरून पाडलेलें 'टॅप्रोबॅनिस' हें नांव पुन्हां मानानें वापरांत आलें आहे. ज्याला आपण दोनशें वर्षें ओळखतों असें वाटत होतें, त्याचीहि ओळख अशी नव्यानें करून घ्यावी लागली.

राहतां राहिली आपली मराठी. तिच्यांत पतंगासाठीं शब्द थोडे आहेत आणि अळ्यांसाठीं पुष्कळ, याचें कारण उघड आहे. जें पोटावर येतें त्यालाच लोकभाषा नांव देते. कोशांत लॅटिन नांवांची मराठी भाषांतरें छापून ही उणीव भरून येईल असें आम्हांस वाटत नाहीं. ज्या घरांत तगरीवरची अळी झाडून न टाकतां एखादें मूल ती पेटींत ठेवील, रोज तेंच पान घालील, आणि पंधरा-वीस दिवसांनीं कोशांतून निघालेलें पाखरूं पाहून त्याखालीं गांव, तारीख व झाड लिहून ठेवील, त्या घरांत तें नांव आपोआप जन्मास येईल. शास्त्राला आज ज्या नोंदी हव्या आहेत त्यांतील पुष्कळशा याच प्रकारच्या आहेत, आणि त्यांसाठीं लंडनच्या संग्रहालयांत जाण्याची गरज उरलेली नाहीं.